चौथी पाचर

माझे सासरे बंदरावर क्रेन चालवायचे. एकदोन नाही, चौतीस वर्षं. जमिनीपासून दहा मजले उंचीवर काचेची एक खोली, आणि त्या खोलीत मावायचं काय, तर एक माणूस, एक पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा. बंदरावर त्यांचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्यांना 'अजून एक' म्हणायचे.

त्याचं कारण असं. क्रेनने जड पेटी खाली टेकवली, की ती कलंडू नये म्हणून खलाशी तिच्या बुडाशी लाकडी पाचरी ठोकतात. दोन ठोकल्या, तीन ठोकल्या, की खलाशी हात वर करून खूण करतात, 'झालं, सोड.' पण सासरे हुक सोडायचे नाहीत. वरून भोंगा वाजायचा आणि काचेच्या आड एक बोट उभं राहायचं. अजून एक लाव. खलाशी मनातल्या मनात शिव्या घालायचे, पण पाचर ठोकायचे. जेवणाच्या सुट्टीत त्यांची चेष्टा चालायची, "सगळीकडे अजून एक, अजून एक, आणि पोर मात्र एकच! घरी भोंगा बिघडला होता काय हो?" सासरे कानापर्यंत लाल व्हायचे आणि डबा घेऊन शिडी चढायला लागायचे.

ती एक पोर म्हणजे माझी बायको. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा माझ्या चष्म्याच्या दुकानाबद्दल, आईवडलांबद्दल घडाघडा बोलत होतो आणि हे माझ्याकडे बघतच नव्हते. मी मनात म्हटलं, संपलं. तेवढ्यात ते उठले, पुठ्ठ्याची घडी घालून माझ्या डुगडुगणाऱ्या खुर्चीच्या पायाखाली सारली, हाताने खुर्ची हलवून बघितली आणि म्हणाले, "हां. आता बोला." सासूबाई आतून हसत म्हणाल्या, "झालं, ठरलंच समजा. नको असलेल्या माणसाला ते डुगडुगत ठेवतात."

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. यांचं तोंड कुठे पोळलं होतं, ते पुढे एकदा सासूबाईंनीच मला भांडी पुसता पुसता सांगितलं. चोवीस वर्षांचे असताना सासरे स्वतः खलाशी होते. ज्यांनी त्यांना दोर, साखळ्या, गाठी सगळं शिकवलं त्यांना ते उस्ताद म्हणत. एका सकाळी एक मोठं यंत्र धक्क्यावर उतरवलं. पाचरी सासऱ्यांनीच ठोकल्या, तीन. यंत्र घसरलं आणि उस्तादांचा डावा पाय त्याखाली सापडला. गुडघ्याखाली कापावा लागला. चौकशीत ठरलं, जमीन रात्रीच्या पावसाने भुसभुशीत झाली होती, दोष कुणाचाच नाही. पण सासऱ्यांच्या डोक्यात एकच बसलं, चौथी लावली असती तर?

"हॉस्पिटलात बघायला गेले होते," सासूबाई म्हणाल्या. "दारातच उस्तादांची बायको रडताना दिसली. तसेच मागे फिरले. त्यानंतर साहेबांकडे अर्ज केला, मला वर पाठवा म्हणून. वर म्हणजे क्रेनमध्ये. माणसांपासून लांब." उस्ताद काही महिन्यांनी आपल्या भावाच्या गावी राहायला गेले. सासरे त्यांना पुन्हा कधी भेटले नव्हते.

मी हे कळल्याचं त्यांना कधी दाखवलं नाही.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. त्याआधी खुब्याचं हाड मोडून त्या पाच महिने अंथरुणावर होत्या. बाई ठेवू या म्हटलं तर सासरे ऐकेनात. आयुष्यभर टनांनी ओझी उचललेला माणूस, पण बायकोला उचलताना आधी हात चोळून गरम करायचा. "थंड हात लागला की ती दचकते," म्हणायचे. अंथरुणातून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत अंथरुणात. सासूबाई म्हणायच्या, "हळू हो, मी काय यंत्र आहे?" आणि ते म्हणायचे, "यंत्राला एवढं तोंड नसतं."

त्या गेल्यावर त्यांच्या तोंडाला कुलूपच लागलं. तसे ते पहिल्यापासून कमी बोलायचे. पण त्या कमी बोलण्याच्या वाटचं सासूबाई बोलायच्या, त्यामुळे घरात ते कधी जाणवलं नव्हतं. आता जाणवायला लागलं. आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. ते दिवसभर खिडकीशी बसायचे. बायको दहा प्रश्न विचारायची, उत्तर एक यायचं, "ठीक आहे."

एका रविवारी बायको वैतागून म्हणाली, "चला, बाहेर कुठेतरी जाऊ. कुठेही." तिच्या ऑफिसातल्या कुणीतरी एका टेकडीबद्दल सांगितलं होतं. दीड तासाचा रस्ता. टेकडीवर हजारो वर्षांपूर्वीची एक दगडी कबर आहे, प्रचंड शिळांची, म्हणून तिला महापाषाण म्हणतात. लोक तिला 'राक्षसाचं टेबल' म्हणतात. बायकोने उकडलेली अंडी, पाव आणि संत्री घेतली. सासऱ्यांनी छत्री घेतली.

टेकडीवर वारा भणाणत होता. गवतात चार उभे दगड, प्रत्येक दगड माणसापेक्षा उंच, आणि त्यांच्यावर आडवी एक अवाढव्य शिळा. खाली, आत जाता येईल अशी खोली. एवढंच. मला तर वाटलं, एवढ्यासाठी दीड तास? पण सासरे गाडीतून उतरले आणि जागच्या जागी थांबले. मग छत्री आडवी धरून शिळेच्या कडेने चालायला लागले. ते मोजत होते.

तिथे उत्खनन करणारी एक संशोधक बाई दहाबारा लोकांना माहिती देत होती. तिशीची असेल, गुडघ्यांवर माती, कानामागे पेन्सिल. "वरची शिळा साधारण तीस टनांची आहे," ती म्हणाली.

"अठ्ठावीस," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून बघितलं. मी तर चाटच पडलो. आठ महिन्यांत या माणसाने आपणहून उच्चारलेला हा पहिला शब्द होता.

"पाच मीटर लांब, तीन रुंद, जाडी पाऊण मीटरला जराशी कमी," सासरे म्हणाले. "हा दगड पाण्याच्या पावणेतीनपट जड असतो. अठ्ठावीस. फार तर साडेअठ्ठावीस."

बाई हसली. "काका, गेल्या महिन्यात आम्ही यंत्राने मोजलं. साडेअठ्ठावीसच आलं. लोकांना तीस सांगितलं की लक्षात राहतं, म्हणून सांगते."

घोळक्यातला एक गृहस्थ म्हणाला, "पण हे माणसाचं काम नाहीच. राक्षस तरी असतील, नाहीतर परग्रहावरचे."

सासऱ्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो चालू क्रेनखाली उभा आहे. "राक्षसाने ठेवली असती तर धपकन आणून टाकली असती. ही बघा, कशी ठेवलीय. चारही बाजूंना सारखी. घाबरत घाबरत ठेवलेली वस्तू अशी दिसते. माणसांनीच ठेवलीय."

लोक पांगल्यावर त्यांनी बाईला विचारलं, "एवढा खटाटोप कुणासाठी केला?"

ती म्हणाली, "या खोलीत तीनशे वर्षं माणसं पुरत होते. नवीन माणूस आला की आधीच्यांची हाडं हलकेच बाजूला सारून जागा करायची. सगळ्यांत खाली, सगळ्यांत आधीची, एक म्हातारी सापडली. तिच्या खुब्याचं हाड मोडून पुन्हा जुळून आलेलं होतं, वाकडं. म्हणजे हाड मोडल्यावरही ती बरीच वर्षं जगली."

परतीच्या वाटेवर अर्ध्या रस्त्यात मागच्या सीटवरून आवाज आला, "खुबा मोडल्यावर ती जगली, म्हणजे तिला कुणीतरी रोज उचलत होतं."

बायकोने माझ्या हातावर हात ठेवला. मी गाडी जरा हळू केली. मग सासरे घरापर्यंत बोलत राहिले. सासूबाईंबद्दल. शेवटच्या महिन्यात त्या किती हलक्या झाल्या होत्या, त्याबद्दल. "उचलायला सोपी होत गेली ना, तसतसं मला ते जड जायला लागलं," म्हणाले. माझ्या बायकोने वडलांच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकलं. ती खिडकीबाहेर बघत रडत होती आणि सासरे तिच्या डोक्यावर मागून थोपटत होते.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःच छत्री उचलली आणि बस पकडली. मग त्याच्या पुढच्याही. संशोधक बाईशी त्यांची गट्टी जमली. ती त्यांना हाडांबद्दल सांगायची, हे तिला ओझ्यांबद्दल. घरी आले की जेवणाच्या टेबलावर बिस्किटांची शिळा आणि काड्यापेट्यांचे उभे दगड रचून आम्हाला समजवायचे, "आधी उभे दगड. मग ते बुडेपर्यंत माती भरायची, तिचा लांब उतार करायचा. उतारावरून शिळा ओढत आणायची. जागेवर बसली की खालची माती काढून टाकायची." बायको म्हणायची, "बाबा, बिस्कीट खा आता." ते म्हणायचे, "थांब, माती निघायचीय."

एके दिवशी बाईचा फोन आला. चारातला एक दगड कलला होता. खालचा पाया नीट करायला वरची शिळा थोडी उचलावी लागणार होती. इंजिनियर येणार, क्रेन येणार. "काका, तुम्हाला बघायला यायचंय का?"

सासऱ्यांनी आदल्या दिवशीच दाढी करून ठेवली.

क्रेनवर एक तरुण मुलगी होती. सासरे तिच्याजवळ गेले आणि बराच वेळ बोलले. काय ते वाऱ्यात ऐकू आलं नाही, पण ती मान डोलवत होती. मग त्यांना आमच्यासारखंच दोरीमागे उभं केलं. शिळेखालून रुंद पट्टे घेतले, हुक खाली आला, पट्टे ताणले गेले. सासऱ्यांचा उजवा हात नकळत हवेत खुणा करत होता. हळू. हळू. थांब. शिळा चार बोटं वर उचलली गेली, आणि हजारो वर्षांत पहिल्यांदा तिच्या आणि उभ्या दगडांच्या मधून उजेड दिसला. मग तिच्याखाली लोखंडी टेकू बसवले गेले आणि सगळ्यांच्या जिवात जीव आला.

बाई शिडीवर चढून बॅटरीच्या उजेडात उभ्या दगडांची डोकी तपासत होती. एकदम म्हणाली, "काका, या बरं इकडे. यांना सोडा आत."

मी त्यांना धरून शिडीवर चढवलं. उभ्या दगडाच्या माथ्यावर, जिथे शिळा टेकत होती, तिथे तळहाताएवढे चपटे दगड सारलेले होते. पाचरी. प्रत्येक उभ्या दगडावर तीन. पण कललेल्या दगडावर चार.

इंजिनियर म्हणाला, "ही चौथी उगाच आहे. हिच्यावर भारच नव्हता. बाकी तीन पाचरींवर दाबल्याच्या खुणा आहेत बघा, हिच्यावर काहीच नाही. तीन पुरत होत्या."

सासऱ्यांनी हात पुढे केला. बाईने मान हलवली, तेव्हा त्यांनी त्या चौथ्या पाचरीला एका बोटाने स्पर्श केला.

"लावणाऱ्यालाही ठाऊक असणार, तीन पुरतात म्हणून," ते म्हणाले. "तरी लावली." मग थोड्या वेळाने, "काय झालं असेल हो याच्या बाबतीत?"

त्यांचे खांदे हलायला लागले. मी शिडी घट्ट धरली. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस शिडीच्या चौथ्या पायरीवर उभा राहून हुंदके देत होता, आणि खाली उभे असलेले सगळे जण भलतीकडेच बघत होते. क्रेनवालीने इंजिन बंद केलं.

खाली उतरल्यावर त्यांनी रुमालाने नाक पुसलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "उस्ताद आहेत का गं? बघशील?"

उस्ताद होते. शोधायला आम्हाला आठ दिवस लागले. बंदरावरच्या जुन्या लोकांना फोन, त्यांच्या मुलांना फोन, आणि शेवटी उस्तादांच्या सूनबाईंचा नंबर. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे, कान जरा जड, बाकी ठणठणीत. सूनबाई म्हणाल्या, "या की. त्यांना नाव सांगितलं तर काही बोलले नाहीत. पण या."

त्या 'काही बोलले नाहीत'चं ओझं सासरे तीन तासांच्या प्रवासात वाहत होते. दोनदा म्हणाले, "परत फिरू या." मी म्हटलं, "बाबा, हा रस्ता एकेरी आहे." तो नव्हता.

उस्ताद दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत व्हीलचेअरवर बसले होते. बोटांत अजूनही दोरीचा एक तुकडा, गाठ मारायची, सोडायची. सासरे दारातच थबकले. एकोणपन्नास वर्षांपूर्वी हॉस्पिटलच्या दारात थबकले असतील तसेच. माझ्या बायकोने त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना आत लोटलं.

"उस्ताद," सासरे म्हणाले. "पाचर मी तीनच..."

"मोठ्याने बोल."

"पाचर! चौथी लावली नाही मी!"

उस्तादांनी दोरी मांडीवर ठेवली. "मूर्खा," ते म्हणाले. "जमीन ओली होती. चार काय, चाळीस लावल्या असत्यास तरी घसरलं असतं. 'इथेच उतरवा' म्हणून कोण ओरडलं होतं? मी. तुला ऐकू गेलं नव्हतं?"

सासरे दोन पावलं पुढे आले.

"पाय गेला, त्याचं मी काय ते बघून घेतलं," उस्तादांचा आवाज एकदम चढला. "लाकडाचा करून घेतला, त्याच्यावर सायकलसुद्धा चालवली. पण हाताखाली एकच पोरगा असा तयार केला होता, ज्याच्या गाठीवर मी डोळे मिटून उभा राहिलो असतो. तो दारापर्यंत आला आणि पळून गेला. बायकोने बघितलं होतं तुला. रोज विचारायचो, आला का? आज आला का? एका दिवसात माझे दोन पाय गेले, हे कळतंय का तुला?"

सूनबाई पाणी घेऊन आल्या होत्या, त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. सासरे खाली बसले, जमिनीवरच, व्हीलचेअरला टेकून. उस्तादांनी त्यांची मान धरून जरा हलवली, चुकलेल्या पोराची धरतात तशी, आणि हात तिथेच राहू दिला.

आम्ही तिघं आत गेलो. सूनबाईंनी चहा टाकला. गॅलरीतून हसण्याचा आवाज आला. मग वाद सुरू झाला. शिळा कशी चढवली असेल, यावर.

"माती कसली भरतोस! लाकडी ओंडके. चौकटीवर चौकट रचत जायचं, तरफेने एकेक वीत उचलायचं," उस्ताद गॅलरी दणाणून सोडत होते.

"उस्ताद, तुम्ही जागा तरी बघितलीत का?"

"मग दाखव की!"

महिनाभराने दाखवली. पाया दुरुस्त होऊन शिळा पुन्हा जागेवर बसली होती. सगळ्या पाचरी, ती चौथीसुद्धा, जशा होत्या तशाच सारून. मी आणि बायकोने व्हीलचेअर टेकडीवर ढकलत नेली, धापा टाकत. सासरे पुढे छत्रीने गवत बाजूला करत चालले होते आणि मागे वळून आम्हालाच सूचना देत होते. संशोधक बाई टेकडीवर वाटच बघत होती.

उस्तादांना शिळेखाली नेलं, तिथे त्यांनी उभ्या दगडावर तळहात ठेवला, कान लावला, नाकाने वाससुद्धा घेतला. बाईला विचारलं, "आत ती म्हातारी कुठे होती?" तिने जागा दाखवली. उस्तादांनी डोक्यावरची टोपी काढली. सासऱ्यांनीही छत्री मिटली. वारा त्या दगडांच्या फटीतून हलकेच वाजत होता.

मग उस्ताद म्हणाले, "ओंडकेच."

"माती," सासरे म्हणाले.

बाईने वही काढली. सासरे गवतात काटकीने उताराचं चित्र काढायला लागले आणि उस्ताद व्हीलचेअरवरून वाकून ते पुसायला लागले. आम्ही दोघं दगडाला टेकून संत्री सोलत बसलो. बायकोने एक फोड माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "बाबा केवढं बोलतायत रे."

ऊन उतरायला लागलं तसा सूनबाईंचा फोन आला, मग दुसरा, मग तिसरा. तिसरा उस्तादांनी स्वतः घेतला.

"जेवायला थांबू नका," ते फोनमध्ये ओरडले. "काम चालू आहे."